शब्द पाठ होत नाहीत, म्हणून नर्सिंग सोडू का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी शाळा, अकरावीला सायन्स घेतलं तेव्हा सगळं एकदम इंग्रजीत आलं. तिथून धडपडत बारावी, सीईटी आणि होस्टेल. पहिलं वर्ष निघालं. आता मायक्रोबायोलॉजीपाशी गाडं अडलंय. वहीच्या मागच्या पानांवर तिने शब्द आणि त्यांच्या व्याख्या ए पासून झेडपर्यंत उतरवल्या आहेत. रोज पहाटे घोकते, आणि आठवडाभरात अँटिजेनची व्याख्या अँटिबॉडीला, अ‍ॅक्टिव्हची पॅसिव्हला जाऊन चिकटते. इंटर्नलला मार्क कमी पडले. तोंडी परीक्षेत तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा मागच्या मुली हसल्या. सीनियर म्हणतात, ‘नर्सला कुठे लागतं हे, पास होण्यापुरतं पाठ कर.’ घरचे म्हणतात, झेपत नसेल तर परत ये, इथे बी.ए. कर. तिचे प्रश्न तीन: पाठ करायची एखादी चांगली पद्धत आहे का? हे सगळं मराठीतून समजून घेतलं तर चालेल का? आणि मराठी माध्यमाच्या मुलीने या वाटेला यायलाच नको होतं का?

अगं, तुझा तिसरा प्रश्न आधी घेते. पहिले दोन त्याच्याच पोटातून आले आहेत.

मराठी माध्यम हीच आपली अडचण, असं तू धरून चालली आहेस. मला ते अर्धंच पटतं. लांबलचक इंग्रजी परिच्छेद वाचायला तुला वेळ लागतो, पेपरात वाक्यं जुळवताना दमछाक होते, हे खरं आहे. त्याबद्दल पुढे लिहिते. पण ‘ऑप्सोनायझेशन’ किंवा ‘हॅप्टेन’ हे शब्द कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुलीच्या घरी तरी कोण बोलत होतं? तुम्ही दोघींनी ते पहिल्यांदा एकाच वर्गात, एकाच तासाला ऐकले. ती व्याख्या झरझर वाचते म्हणून तिला वाटतं आपल्याला समजलं, आणि तुलाही वाटतं तिला समजलं. नर्सिंगच्या मुलींना हा विषय मी बरीच वर्षं शिकवला. व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्या मुलीला ‘मग ही टेस्ट आज पाठवायची की चार दिवसांनी?’ असं विचारलं की तीही छताकडे बघायला लागते.

खरी अडचण तुझ्या वहीच्या त्या मागच्या पानांत आहे. अँटिबायोटिक, अँटिबॉडी, अँटिजेन, अँटिसेप्टिक, अँटिटॉक्सिन अशी एकाखाली एक ओळ लागली आहे. आद्याक्षरं जुळली म्हणून हे शब्द शेजारी आले, आणि ज्यांचं एकमेकांशी खरंच काही देणंघेणं आहे ते शब्द चार-चार पानं लांब गेले. अँटिबॉडीचं नातं इम्युनोग्लोब्युलिनशी, ती पार आयच्या पानावर. नवी सून सासरच्यांची यादी करून पाठ करत बसत नाही. ही आत्या कुणाची बहीण, हे काका कुणाचे धाकटे, कुणाचं कुणाशी पटत नाही, असं करत करत वर्षभरात तिला अख्खं गणगोत ओळखू येतं. तुझे शब्दही असेच नात्यांनी लक्षात राहतील. म्हणजे पाठ करायची पद्धत सुधारण्यापेक्षा ती यादीच मोड. ज्या दोन शब्दांत घोळ होतो त्यांची जोडी कर आणि प्रत्येक जोडीला एक पेशंट दे. कसं ते दाखवते.

समज, ऑगस्ट महिना आहे, तुझी पोस्टिंग मेडिसिन वॉर्डला आहे आणि तापाचा एक तरुण पेशंट आलाय. लॅबच्या डेंग्यूच्या कागदावर तीन ओळी असतात: एनएस-१ अँटिजेन, आयजीएम, आयजीजी. या तीन ओळींत तुझी अडलेली जोडी आख्खी उभी आहे. एनएस-१ हे विषाणूचं स्वतःचं प्रथिन. ते रक्तात सापडलं म्हणजे पाहुणा घरात असल्याचा थेट पुरावा, हा अँटिजेन. आयजीएम आणि आयजीजी या त्या विषाणूला उत्तर म्हणून आपल्या शरीराने बनवलेल्या, या अँटिबॉडी. परक्याचं काय आणि आपलं काय, एवढं कळलं की पुढचं आपोआप सुचतं. परका आधी येणार, आपलं उत्तर तयार व्हायला वेळ लागणार. म्हणून तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ बघतात आणि पाचव्या दिवसानंतर आयजीएम. ताप कालच आलेल्या पेशंटची नुसती आयजीएम केली आणि ती निगेटिव्ह आली, तर ‘डेंग्यू नाही’ असं नातेवाइकांना कोणी सांगू नये. शरीराने अजून उत्तरच दिलेलं नाही.

इथे केस पेपरवर एक गोष्ट महत्त्वाची ठरते: ताप नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला. ती तारीख बहुतेक वेळा पेशंटच्या आईशी किंवा बायकोशी बोलून तू लिहिणार असतेस. ‘तीन-चार दिवस झाले’ असं मोघम लिहिलंस तर डॉक्टरांना रिपोर्ट वाचताच येणार नाही. ‘नर्सला कुठे लागतं’ म्हणणाऱ्या सीनियरला हे दाखव.

विडाल ही टायफॉइडची टेस्टही याच घरातली. तिच्यात अँटिबॉडी मोजतात, जंतू सापडत नाहीत. पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येऊ शकते, आणि आपल्याकडे टायफॉइड इतका पसरलेला की जुन्या संसर्गाच्या अँटिबॉडीमुळे ती उगाच पॉझिटिव्हही येऊ शकते. पहिल्या आठवड्यात खरा उपयोग ब्लड कल्चरचा, कारण तिथे जंतू प्रत्यक्ष वाढवून बघतात. तरीही खेड्यापाड्यात एका विडालवर टायफॉइडचा शिक्का बसतो, सलाइन लागतं, बिलं होतात. यावर बोलायला लागले तर सदर संपेल.

दुसरी जोडी, अ‍ॅक्टिव्ह आणि पॅसिव्ह इम्युनिटी. हिच्यासाठी कॅज्युअल्टीत ये. आठ-नऊ वर्षांचा मुलगा, पोटरीला कुत्रा चावलाय, रक्त येतंय. पहिलं काम साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं धुणं. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, आणि हे बहुतेक ठिकाणी कुणाला तरी ओरडूनच करून घ्यावं लागतं. मग दोन वेगळी इंजेक्शनं येतात. एक दंडात, एक जखमेच्या आत आणि भोवती. आजी बिचारी विचारते, दोन कशाला? आमच्या वेळी पोटात चौदा देत. (ती चौदावाली जुनी लस आपल्याकडे कधीच बंद झाली, हे तिला सांग, त्या भीतीपोटी अजूनही लोक दवाखान्यात यायचं टाळतात.)

दोन का, हेच तुझं उत्तर आहे. दंडातली ती लस. तिच्यात मेलेला विषाणू आहे. तो बघून मुलाचं शरीर स्वतः अँटिबॉडी बनवायला घेतं. ही अ‍ॅक्टिव्ह इम्युनिटी. पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि विषाणू तोवर थांबणार नाही. म्हणून जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिन: माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्तातून काढलेल्या तयार अँटिबॉडी. विषाणू जिथे शिरलाय तिथेच, शक्य तितक्या जखमेत सोडायच्या. शरीराने यात काहीच कष्ट घेतलेले नाहीत, ही पॅसिव्ह. ती लगेच लागू पडते, काही आठवड्यांत विरून जाते आणि मागे कसलीही आठवण ठेवत नाही.

आता तुझ्या पुस्तकातला एक नियम घे, जो तू नुसता पाठ केला असशील: लसीच्या पहिल्या डोसला सात दिवस उलटून गेले तर इम्युनोग्लोब्युलिन देऊ नये. का? कारण तोवर मुलाच्या स्वतःच्या अँटिबॉडी येऊ लागलेल्या असतात, बाहेरच्यांची गरज उरत नाही. आणि ज्याने पूर्वी रेबीजच्या लसीचा पूर्ण कोर्स घेतलाय त्याला पुन्हा कुत्रा चावला, तर फक्त दोन डोस, शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी, इम्युनोग्लोब्युलिन नाहीच. का? कारण त्याच्या अंगात मेमरी सेल्स, म्हणजे त्या विषाणूची आठवण ठेवणाऱ्या पेशी, बसल्या आहेत; एक हाक मारली की कामाला लागतात. बघ, एका मुलाच्या पोटरीवर लस, इम्युनोग्लोब्युलिन, अ‍ॅक्टिव्ह, पॅसिव्ह आणि मेमरी असे पाच शब्द बसले.

हीच जोडी लेबर रूममध्येही भेटेल. आईची आयजीजी वारेतून बाळाकडे जाते, चिकाच्या दुधातून आयजीए मिळते. दोन्ही पॅसिव्ह, दोन्ही आयत्या. गोवर-रुबेलाची लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर का देतात? आईकडून आलेल्या अँटिबॉडी त्याआधी अंगात असल्या तर त्या लसीतल्या विषाणूलाच निष्प्रभ करतात. एखादी आई विचारते, ‘लवकर दिली तर काय बिघडलं?’ तिला हे सांगता आलं पाहिजे. आणि विंचू-सापाच्या मोसमात ग्रामीण रुग्णालयात गेलीस तर सापाच्या विषावरचं ते औषध बघ. घोड्याच्या रक्तातल्या अँटिबॉडी. म्हणजे? लिही वहीत.

इन्फेक्शन आणि डिसीज यांतला फरक तुझ्या पत्रात नाही, पण घोळ तिथेही असणार, सगळ्यांचाच असतो. टीबीसाठी करतात ती मॅनटू टेस्ट घे. हाताच्या पुढच्या भागात, कातडीच्या आत ०.१ मिली ट्युबरक्युलिन (टीबीच्या जंतूपासून काढलेलं प्रथिन) टोचतात, बारीक फोड उठतो. ४८ ते ७२ तासांनी वाचायची. वाचायची म्हणजे बोटाने चाचपून कडक झालेली गाठ किती, ते हाताच्या आडव्या दिशेने मोजायचं. नवशिक्या मुली लालसर भाग मोजतात. तो मोजायचाच नसतो. समज, १५ मिलिमीटर आली. पेशंटला टीबी झालाय का? नाही सांगता येत. टीबीच्या जंतूशी या शरीराची कधीतरी गाठ पडली आहे, किंवा लहानपणच्या बीसीजीचा तो परिणाम असेल, एवढंच ती टेस्ट सांगते. जंतू अंगात असणं वेगळं आणि माणूस आजारी असणं वेगळं. भारतात असे कितीतरी लोक आहेत ज्यांच्या अंगात टीबीचा जंतू झोपून आहे आणि ते शेतात, ऑफिसात ठणठणीत काम करत आहेत. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द ऐकून रडायला लागलेल्या बाईला हे समजावणं तुझ्याकडे येणार.

त्याच टेस्टला आणखी एक प्रश्न विचार: दोन दिवस का थांबायचं? आणि त्याच्या शेजारी दुसरा पेशंट ठेव, ज्याला सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन चढवायला घेतलं आणि पाच मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. दोन्हीकडे शरीर अतिसंवेदनशील झालंय, पण एकीकडे मिनिटं आणि दुसरीकडे दोन दिवस. मिनिटांत होतं ते आयजीई अँटिबॉडीमुळे. त्या आधीच पेशींवर टेकून बसलेल्या असतात. दोन दिवस लागतात ते टी-सेल्स या पांढऱ्या पेशींना. त्यांना त्या जागी गोळा व्हायला आणि काम करायला वेळ हवा. टाइप वन आणि टाइप फोर हायपरसेन्सिटिव्हिटी. ह्युमरल (अँटिबॉडींची) आणि सेल-मीडिएटेड (पेशींची) इम्युनिटी हा पहिल्या दिवसापासून तुझ्या डोक्यात गोंधळ घालणारा फरकही यातच आला. मधल्या टाइप टू आणि थ्री आत्ता सोड, त्यांना पेशंट नंतर मिळतील. आणि ओठ सुजलेल्या त्या पेशंटशेजारी त्या क्षणी कोण उभं असतं? डॉक्टर ओपीडीत असतात. सलाइन बंद करणारी, हाका मारणारी, अ‍ॅड्रेनलिन भरून तयार ठेवणारी तूच असतेस.

ब्लड कल्चरच्या बाटलीत तीन शब्द आहेत: कमेन्सल, कंटॅमिनंट, पॅथोजेन. आपल्या कातडीवर स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस मुक्कामालाच असतो, काही त्रास देत नाही, तो कमेन्सल. तू घाईत कातडी नीट पुसली नाहीस, अँटिसेप्टिक सुकू दिलं नाहीस, आणि सुईबरोबर तो बाटलीत गेला, की तोच कंटॅमिनंट झाला. रिपोर्ट ‘ग्रोथ आली’ म्हणतो आणि पेशंटला विनाकारण भारी अँटिबायोटिक सुरू होतं. तोच जंतू सेंट्रल लाइनवर, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवर, चिकटून खरंच रक्तात शिरला तर पॅथोजेन. जंतू एकच आहे. तो कुठे सापडला आणि तिथे काय करतोय यावर त्याचं नाव बदललं. असे शब्द व्याख्येतून कधी कळत नाहीत. बाकी, अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी कल्चर घ्यायचं, हे तुला वॉर्डच्या सिस्टरने सांगितलंच असेल. का, ते आता तूच सांग.

स्टरलायझेशन, डिसइन्फेक्शन आणि अँटिसेप्सिस यांच्यावर मी फार वेळ घालवणार नाही. स्पोअरसकट (स्पोअर म्हणजे जंतूचं चिवट, झोपलेलं रूप) सगळं मारलं तर पहिलं, वस्तूवरचे बहुतेक जंतू मारले तर दुसरं, जिवंत कातडीवर केलं तर तिसरं. एकदा सीएसएसडीत, म्हणजे हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात, जाऊन ऑटोक्लेव्हच्या ड्रमवरची पट्टी बघून ये. १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं झाली की तिच्यावरच्या फिक्या रेघा काळ्या होतात. रेघा काळ्या झाल्या म्हणजे आतलं सगळं स्टराइल झालं असं पट्टी म्हणत नाही. ड्रम तापला एवढंच ती म्हणते. खात्री करायची तर चिवट स्पोअर असलेली कुपी आत ठेवून ते मेले का, हे बघावं लागतं. ती कुपी कुठे ठेवतात ते तिथल्या माणसाला विचार. त्यांना कोणी काही विचारत नाही, ते हौसेने दाखवतील.

आता पेशंट मिळत नाही अशा शब्दांचं काय? ग्रॅम पॉझिटिव्ह-निगेटिव्ह, कल्चर मीडियम, किल्ड आणि अटेन्युएटेड लस. इथे गोष्ट कामाला येते. १८८४ साली बर्लिनमध्ये हान्स ख्रिश्चन ग्रॅम न्यूमोनियाने मेलेल्यांच्या फुफ्फुसांच्या कापांमध्ये जंतू नीट दिसावेत म्हणून रंग शोधत होता. त्याच्या लक्षात आलं की अल्कोहोलने धुतल्यावर काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात आणि काही सोडून देतात. ही त्याला आपल्या पद्धतीची उणीव वाटली. पुढे त्याच उणिवेवर जंतूंची वाटणी झाली: पेशीभित्तिका जाड असली की रंग धरला, ग्रॅम पॉझिटिव्ह; पातळ असली की सोडला आणि नंतरचा सॅफ्रॅनिनचा गुलाबी घेतला, ग्रॅम निगेटिव्ह. स्लाइड करताना तुमच्या बॅचच्या चुका कुठे होतात आठव. बहुतेक वेळा अल्कोहोलच्याच पायरीला, कारण जास्त वेळ धुतलं तर जांभळेही गुलाबी होतात. ती पायरी लक्षात राहिली की बाकीच्या तीन मागून येतात.

आणि लसीचे शब्द लक्षात ठेवायला तर आपल्या मुंबईसारखी जागा नाही. १८९६ मध्ये तिथे प्लेग शिरला आणि वाल्डेमार हाफकिन या जंतुशास्त्रज्ञांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या जागेत लस बनवायला घेतली. मांसाचा रस्सा हा कल्चर मीडियम, म्हणजे जंतू वाढवायचं खाद्य. त्यावर त्यांनी तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे, गुहेतल्या चुनखडीच्या झुंबरांसारखे. मग ते कल्चर तापवून जंतू मारायचे: हीट-किल्ड लस. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. उलट बीसीजी, जिचा वण तुझ्या दंडावर आहे, तिच्यातला जंतू जिवंत असतो, फक्त दुबळा केलेला: लाइव्ह अटेन्युएटेड. म्हणून बीसीजी टोचल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुटकुळी येते, फुटते, सुकते, वण राहतो. आया घाबरून त्यावर हळद लावतात. काही लावू नका, हे होणारच होतं, असं सांगायचं.

आता मराठीतून शिकण्याबद्दल. यात तीन वाटा आहेत आणि तिन्ही मी मुलींना धरताना पाहिलंय. काहीजणी सगळं इंग्रजीतच वाचायचा हट्ट धरतात, दर ओळीला अडतात आणि महिनाभरात पुस्तक मिटून ठेवतात. काहीजणी प्रत्येक शब्दाचा मराठी प्रतिशब्द शोधतात, प्रतिजन, प्रतिपिंड, आणि मग एकाऐवजी दोन अनोळखी शब्द पाठ करतात. वॉर्डात तर प्रतिपिंड कुणीच म्हणत नाही. मला तिसरी वाट बरी वाटते. नाव जे वॉर्डात चालतं तेच ठेव, अँटिबॉडी तर अँटिबॉडी, पण ती काय करते ते तुझ्या घरच्या बोलीत बोल. अगदी ‘ती त्याला जाऊन धरती’ असं. अंगाला विचित्र वाटेल, करून बघ. शिवाय पेशंटच्या नातेवाइकांना तुला हे मराठीतच सांगायचं आहे आणि तिथे तुझी इंग्रजी माध्यमाची मैत्रीण अडखळणार आहे.

पेपर मात्र इंग्रजीत लिहायचा आहे, त्यात सूट नाही. त्यासाठी छोटी वाक्यं लिहायची सवय लाव. एका वाक्यात एकच गोष्ट. पुस्तकातलं तीन ओळींचं वाक्य जसंच्या तसं उतरवायला गेलीस तर मध्येच सुटतं आणि अर्थ उलटा होतो. परीक्षकाला ते लगेच दिसतं. फरक विचारला असेल तर दोन रकाने आखून लिही, आकृती येत असेल तर काढ. दर रविवारी एक उत्तर लिहून कुणाकडून तरी तपासून घे. व्याकरणासाठी नको, अर्थ लागतो का ते बघायला.

वहीचं म्हणशील तर जुनी यादी फाडू नकोस, फक्त घोकणं थांबव. नवी वही घे. रोजच्या पोस्टिंगमधून एकच रिपोर्ट किंवा एकच इंजेक्शन निवड, पेशंटचं नाव न लिहिता, आणि खाली तीन ओळी: यात कोणता शब्द होता, त्याची जोडी कोणती, चुकलं असतं तर पेशंटचं काय झालं असतं. दोन दिवसांनी पान झाकून तेच आठवून बघ, मग आठवड्याने. आठवत नाही तिथे बोट ठेव, तेवढंच पुन्हा वाच. मोबाइलवर कार्डं बनवणाऱ्या मुलींना मी एकच सांगते, पुढच्या बाजूला शब्द लिहू नका, प्रसंग लिहा. ‘कुत्रा चावून दहा दिवस झाले, आज पहिल्यांदा आलाय, लस अजून एकही नाही. इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं?’ (द्यायचं. सात दिवस चावल्यापासून मोजत नाहीत, लसीच्या पहिल्या डोसपासून मोजतात.) एमसीक्यूचं गाइड घ्यायचं तर घे, पण परीक्षेच्या शेवटच्या पंधरवड्यात.

तोंडी परीक्षेला व्याख्या सुचली नाही तर गप्प बसू नकोस. ‘मॅडम, उदाहरण देऊन सांगू का?’ म्हण. बहुतेक परीक्षक हो म्हणतात, कारण दिवसभर त्याच व्याख्या ऐकून त्यांचेही कान किटलेले असतात. हसणाऱ्या मुलींचं काय करायचं ते मला माहीत नाही. त्यांच्यापैकी एकीला गाठून कुत्र्याची गोष्ट समजावून सांग आणि तिला मधेच प्रश्न विचारू दे, एवढं सुचतं. दुसऱ्याला सांगताना आपलं कुठे कच्चं आहे ते जितकं उघडं पडतं तितकं कशानेच पडत नाही. ती कदाचित हसायची थांबेलही.

राहिलं बी.ए.चं. बी.ए.ला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. पण तू ते आवडतं म्हणून निवडत नाहीयेस, इथून सुटायचं म्हणून निवडते आहेस. सोडायचं का, हे एका इंटर्नलच्या मार्कांवर ठरवू नकोस. एक वेगळी गोष्ट तपासून बघ. वॉर्डात तुला कसं वाटतं? पेशंटची पाठ पुसताना, ड्रेसिंग करताना, रात्रपाळीला? तुझ्या दोन पानी पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही, त्यामुळे मला अंदाज येत नाही. तिथे जीव रमत असेल तर मायक्रोबायोलॉजी हा एक विषय आहे, तो निघेल. अगदी एखादा प्रयत्न जास्त लागला तरी. तिथेच नको वाटत असेल, पोटात गोळा येत असेल, तर ते मला पुन्हा लिही. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याला शब्दांच्या वह्यांचा उपयोग नाही.

घरी आत्ताच हो-नाही काही कळवू नकोस. सेमिस्टरचा निकाल लागेपर्यंत थांबा, एवढं म्हण. आणि या आठवड्यात विषयाच्या मॅडमना तासानंतर भेट. मला जमत नाही, असं सांगायला जाऊ नकोस. डेंग्यूच्या रिपोर्टवर लिहिलेलं पान घेऊन जा आणि विचार, हे बरोबर आहे का.